चुन्याची रेघ

साठ सालानंतरची गोष्ट. पुसदला आमच्या महिला मंडळाने गावातल्या तीन कथालेखिकांशी जाहीर गप्पा ठेवल्या. सतरंज्या, हार, पाणी, चहा सगळं माझ्याकडे होतं आणि सगळं वेळेवर झालं. एका लेखिकेची सासू पहिल्या रांगेत येऊन बसेल, हे मात्र मी धरलं नव्हतं.

त्या लेखिकेच्या कथेतली सासू तेलाच्या बाटलीवर पानाच्या चुन्याने रेघ ओढते आणि संध्याकाळी तेल किती उतरलं ते बघते. प्रश्नांची वेळ आली तशी लेखिकेची शेजारीण मागून ओरडली, "काहून वं, हे त तुह्याच घरची बाटली व्हय ना?"

सगळ्या हसल्या. लेखिका घाईने म्हणाली, "नाही हो मावशी, सगळं मनातलं आहे." सासू शांतपणे पान चघळत होती. कार्यक्रमाचे अध्यक्ष एक वकील होते. "बायका घरातलंच लिहिणार!" असा निकाल देऊन त्यांनी पुढच्या लेखिकेला चिवड्याची कृती विचारली. कथेचा विषय तिथेच संपला.

मंडळाच्या दिवाळीच्या हस्तलिखित अंकासाठी मी त्या बाटलीच्या कथेच्या लेखिकेकडे नवी कथा मागायला गेले. "यंदा नको," ती हळूच म्हणाली. आतून सासूचा आवाज आला, "लिह ना वं, कोन नाही म्हनते?"

लेखिकेने नुसतं कोनाड्याकडे बोट दाखवलं. तिथे तिची शाईची दौत होती. काचेवर चुन्याची ताजी रेघ होती आणि शाई बरोबर त्या रेघेला टेकलेली होती.