वरच्या वस्त्या मी सोडणार नव्हते

ऑपरेशन करून पुण्याहून भोरला घरी आले, तेव्हा बाहेरच्या खोलीत खिडकीशी माझ्यासाठी कॉट लावलेली होती. नवी चादर, दोन उशा, हाताशी स्टूल, स्टुलावर तांब्याभांडं आणि हाक मारायला त्रास नको म्हणून देवघरातली घंटा. ही सगळी तयारी माझ्या थोरल्या जाऊबाईंची. त्या खास माझं करायला गावाहून आल्या होत्या. मी घंटा उचलली आणि देवघरात परत ठेवली. आमच्या भांडणाला तिथून सुरुवात झाली.

मी आरोग्यसेविका, लोकांच्या भाषेत नर्सबाई. माझं उपकेंद्र वेल्हे तालुक्यात, राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या बाजूला. आठवडाभर उपकेंद्राच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी एसटीने भोरला यायचं, असा चौदा वर्षांचा क्रम होता. माझ्याकडे खालची पाच गावं होती आणि वर डोंगरात तीन धनगरवस्त्या. खालच्या गावांना रस्ता होता. वर जायला पाऊलवाट, दीड तासाची चढण. महिन्यातून एकदा लसींचा डबा घेऊन वर जायचं, पोरांना टोचायचं, गरोदर बायका तपासायच्या. माझ्याआधी वर कुणी जात नव्हतं. "खाली या" असा निरोप धाडला जायचा आणि शेरडं-म्हशी टाकून खाली कुणी येत नसे.

डाव्या स्तनात गाठ निघाली तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या आणि पुढे सहा इंजेक्शनं ठरली, दर एकवीस दिवसांनी पुण्याला जाऊन घ्यायची. घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. जाऊबाई 'ते' म्हणायच्या. रजेच्या अर्जात मी तो स्वच्छ अक्षरात लिहिला.

तो अर्ज घेऊन यजमान तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले आणि मला न विचारता आणखी एक गोष्ट बोलून आले: रजा संपली की हिला ऑफिसात टेबलाचं काम द्या. डॉक्टर भले होते, लगेच हो म्हणाले. वरच्या तीन वस्त्या शेजारच्या उपकेंद्राला जोडायच्या असंही तिथल्या तिथे ठरलं. त्या उपकेंद्राच्या नर्सबाईंचे गुडघे गेलेले. त्या वर चढणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

यजमानांनी हे मला जेवताना सांगितलं, चांगली बातमी सांगावी तसं. मी ताट तसंच ठेवून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, बदलीचा कागद काढू नका. इंजेक्शनं चालू असताना तुम्ही डोंगर चढणार का, असं त्यांनी विचारलं. चढून दाखवते म्हटलं. शेवटी त्यांनी एक अट घातली. रजा तीन महिन्यांची आहे. ती संपल्यावर पहिल्याच महिन्यात वर जाऊन लसीकरणाचं सत्र स्वतः घ्यायचं आणि स्वतःच्या पायांनी खाली यायचं. नाही जमलं तर कागद निघेल.

घरी येऊन वही उघडली. मला वही लागतेच. घरातली डाळ संपायची तारीखही मी लिहून ठेवते. एका पानावर हात, दुसऱ्या पानावर पाय.

हाताचं पुण्याच्या वॉर्डातल्या व्यायामाच्या बाईंनी शिकवलं होतं. भिंतीशी उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं कोळ्यासारखी वर चढवायची. काखेत कुणीतरी दोरी ओढून बांधल्यासारखं दुखायचं. बोटं जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने रेघ. पहिल्या दिवशी रेघ माझ्या खांद्याच्याही खाली होती. जाऊबाईंनी ती ओल्या फडक्याने पुसून टाकली. मी दुसरी काढली. त्यानंतर रोज त्या पुसत होत्या आणि मी काढत होते. रेघ मात्र वर सरकत होती.

पायाचं मी माझं ठरवलं. पहिला दिवस कोपऱ्यापर्यंत. मग एसटी स्टँड, मग नीरेवरचा पूल. रोज कालच्यापेक्षा थोडं पुढे, आणि शेवटी भाटघर धरण गाठून परत. भाटघर जमलं की चढण जमेल, असा माझा हिशेब.

शेजारच्या चाची कपडे शिवायच्या. माझं चालणं त्यांनी मशीनवर बसल्या बसल्या पाहिलं आणि हाक मारून आत बोलावलं. "तुम्ही उजवीकडं कलताय, बाई. पाठ जाईल अशानं," म्हणाल्या. माझं माप घेतलं आणि मऊ मलमलीची पिशवी शिवून तिच्यात मोहरी भरली. वजन अगदी जुळलं. ब्लाउजच्या आत ठेवून पाहिलं, तेव्हा किती दिवसांनी मी सरळ उभी राहिले. चाची तोंडातली टाचणी काढत म्हणाल्या, "उन्हात जास्त हिंडू नका. तडतडायची."

रस्त्यात लोक थांबवायचे. अशा अवस्थेत कुठं निघालात, घरात कुणी नाही का. भाजीवाल्या बाईंनी माझ्यासमोर यजमानांना बोल लावले. दुसऱ्या इंजेक्शननंतर केस गेले. मी डोक्याला रुमाल बांधला आणि ठरलेल्या वेळी बाहेर पडले.

आता चूक सांगते. त्या इंजेक्शनांनंतर दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. ताप आला तर तासाभरात दवाखाना गाठायचा, हे मला पुण्यात दोनदा बजावलं होतं. बजावायची गरजही नव्हती, मी नर्स आहे. बाराव्या दिवशी सकाळी अंग कसकसत होतं. थर्मामीटर लावला, पारा शंभराच्या वर गेला. वहीत तापाचा रकाना होता. मी तो कोरा ठेवला. लिहिलं असतं तर कॉट जिंकली असती. त्या दिवशी पहिल्यांदा भाटघरला पोचायचं ठरलेलं होतं आणि मी निघाले.

धरणाची भिंत दिसायला लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले ती एका टेम्पोत, पाठीला दुधाचे कॅन. त्याच दिवशी पुण्याला नेलं. सहा दिवस सलाईन. तापाचं पोर लपवून ठेवू नका म्हणून चौदा वर्षं आयांना रागावणारी बाई मी.

घरी आणलं तेव्हा घंटा स्टुलावर परत आली होती. जाऊबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं. यजमानांनी वही कपाटावर टाकली. मी आठ दिवस कॉटवर पडून राहिले. पाय असे झाले की मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागे.

नवव्या दिवशी बाजार होता. दारात वरच्या वस्तीवरची मावशी उभी राहिली. मुलाबरोबर बोकड विकायला भोरला आली होती आणि विचारत विचारत घर शोधत आली. खुर्ची नको म्हणाली, उंबऱ्याशी बसली, पदरातून लोण्याचा गोळा काढून जाऊबाईंच्या हातात दिला. वरचं सांगितलं. दोन महिने कुणी आलं नव्हतं. तिच्या सुनेला मुलगा झाला होता, त्याला अजून एक सुई नव्हती. सांगताना ती कॉटकडे बघत होती.

"किती दिस बसल्यात ह्या?" तिने मला सोडून जाऊबाईंना विचारलं.

"आजारी माणूस हाय. पडूनच ऱ्हायला पायजे," जाऊबाई म्हणाल्या.

"आमच्यात म्हस बसली की गोणपाट पोटाखालनं घालून बांबूवर हुबी करत्यात. बसून ऱ्हायली की पाय जात्यात तिचं. मग ती दुखण्यानं मरत न्हाई, बसल्यानं मरती."

"माणूस हाय ते. म्हस न्हाई."

"पाय सारकंच की वो."

मला राग आला. मी उभी राहिले होते मावशी, म्हटलं. भाटघरपर्यंत चालत गेले आणि पडले.

ती माझ्याकडे वळली. सगळं नीट विचारून घेतलं, किती चालले, कधी चालले, मधे बसले का. मग हसली, पुढच्या पडक्या दातांतून.

"आसं कुटं आस्तंय व्हय? हुबी करायची, पायात जीव येतो का बघायचा, आन थरथराय लागायच्या आदी बसवायची. परत दुपारला. परत सांजला. दिसातनं चार येळा, पाच येळा. पडू दिली की भ्या बसतंय तिला. मग बांबू बघूनच पाय टाकती."

चहा पिऊन ती गेली. जाताना लोण्याचं काही घेतलं नाही. पुढच्या खेपेला पोराला सुई टोचा म्हणाली. तिने खाली येण्याचं बोललंच नाही. मीच वर जाणार हे तिने धरून ठेवलं होतं.

मी यजमानांना कपाटावरची वही काढायला लावली. आतापर्यंत मी रोज एकदाच, दम संपेपर्यंत चालत होते. संपेपर्यंत चालणं म्हणजे जोर, असं मला वाटायचं. नव्या पानावर पहिला रकाना तापाचा. शंभरला गेला की त्या दिवशी चालणं बंद आणि पुण्याला फोन. हे यजमानांच्या अक्षरात लिहून घेतलं, म्हणजे खोटं करायची सोय राहिली नाही. इंजेक्शननंतरच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडायचं नाही, फक्त मागच्या अंगणात फेऱ्या. बाकीचे दिवस पाच वेळा चालणं, थोडं थोडं, आणि पाय थरथरायच्या आत बसणं.

फेऱ्या मोजायला जाऊबाई चिंचोके घेऊन पायरीवर बसू लागल्या. मला वाटलं, चला, एक माणूस आपल्या बाजूला आलं. चार दिवसांनी लक्षात आलं, त्या एका फेरीला दोन चिंचोके टाकत होत्या, मी लवकर बसावं म्हणून. मी बोलले तर म्हणाल्या, "मग म्हस कुणी बसवायची?" पण हट्टाने त्या रोज त्या पायरीवर आल्या, आणि भिंतीवरची रेघ पुसायचंही त्यांनी थांबवलं.

चौथ्या इंजेक्शननंतर अठराव्या दिवशी मी वर निघाले. रक्त तपासून घेतलं होतं, पेशी ठीक होत्या. वर मावशीला तारखेचा निरोप धाडला होता. रजा संपून दहा दिवस झाले होते. उपकेंद्राच्या परिचर बाईंनी लसींचा डबा घेतला. काखेतल्या गाठी काढल्या की तो हात लगेच सुजतो, त्यामुळे माझ्या डाव्या हाताला वजन आणि ओरखडा दोन्ही नको होते, म्हणून त्या हातात सुती मोजा. सात मिनिटं चालणं, तीन मिनिटं बसणं, घड्याळ बघून. दम असो की नसो, बसायचंच. परिचर बाई वैतागल्या. "बाई, आत्ता तर बसलो. ह्या चालीनं बर्फ पाणी हुईल." बर्फाची मलाही काळजी होती. डबा मी दोनदा सावलीत उघडून हात लावून पाहिला.

वस्तीच्या खाली एक खडक आहे. तिथे दोन्ही हात वर टाकून धरल्याशिवाय पाऊल जात नाही. चौदा वर्षांत तो खडक मला कधी दिसलाच नव्हता, इतकी सवय. त्या दिवशी त्याच्यासमोर उभी राहिले, उजवा हात टाकला आणि डावा सोडला वर. काखेतली दोरी ताणली, डोळ्यांत पाणी आलं. पण बोटं खाचेत गेली. परिचर बाईंनी मागून आधार द्यायला हात लावला, तो मी काढायला लावला.

दीड तासाच्या वाटेला पावणेतीन तास लागले. बर्फ डब्यात अजून खडखडत होता. मावशी ओट्यावर होती. "लई येळ केला," म्हणाली आणि घराघरांतून बायकांना हाका मारल्या. ओट्यावर गोणपाट अंथरून मी सुया मांडल्या. एका म्हातारीने माझ्या रुमालाकडे बघून सरळ विचारलं, "बाई, केसं कुटं गेली?" कॅन्सर झालाय, औषधाने गेले, येतील परत, असं मी तितकंच सरळ सांगितलं. ती आपल्या नातीला पुढे ढकलून म्हणाली, "हिला आदी टोचा, ही पळती." मग एकेक पोर रडायला लागलं. मावशीचा नातू सगळ्यांत जोरात.

तिन्ही वस्त्यांची पोरं मावशीने एकाच ओट्यावर आणवली होती. त्यामुळे मी शेवटच्या एसटीच्या आत खाली आले. उतरताना खडकावर एकदा बसूनच घसरले. साडी मागून फाटली. स्वतःच्या पायांनी म्हणजे स्वतःच्या पायांनी, बसून घसरणंही त्यात धरलं.

नसरापूरला गाडी बदलताना डॉक्टरांना फोन केला. सत्र झालं, बारा पोरं, उरलेल्या लशी परत आणल्यात. ते म्हणाले, एकदा जमलं, पण दर महिन्याला कसं करणार?

"दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला नाही जमणार," मी म्हटलं. "वरचं सत्र माझ्या इंजेक्शननंतर अठराव्या दिवशी. पुढची तारीख लिहून घ्या, आणि लशी आदल्या संध्याकाळी उपकेंद्रावर पोचल्या पाहिजेत. वरच्या वस्त्यांना मी तारीख सांगून आलेय."

त्यांनी तारीख परत एकदा विचारली. मी सांगितली, आणि पलीकडे ते लिहून घेईपर्यंत मी फोन धरून थांबले. माझी भोरची गाडी फलाटाला लागत होती.