आजाऱ्याच्या सुरात

नांदेडच्या गायन स्पर्धेत आमचं मंडळ शेवटून पहिलं आलं, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्यांच्यामुळे आलं ते मास्तर जाऊन आता दोन पावसाळे झाले. गेलेल्या माणसावर कसलं रागावतेस, असं घरचे म्हणतात. पण मास्तरांना चालेल. ते होते तेव्हाही मी त्यांच्यावर मनसोक्त रागावतच होते.

मास्तर हे नाव चर्चमधलं, कारण गायन मंडळ ते शिकवायचे. नोकरीनं ते वीज मंडळात लाइनमन. मी लातूरची, देगलूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून आले, तेव्हा पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, गाता का?" मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की गाते, आणि पेटीवर माझा सूर काळी चार. म्हणजे चांगला उंच. "मग या गुरुवारी," म्हणाले आणि एका गल्लीचा पत्ता दिला.

मला वाटलं, तालमीची खोली असेल. पोचले तर बाजेवर एक म्हातारी कंबर मोडून पडलेली, आणि बाजेभोवती सतरंजीवर अख्खं गायन मंडळ बसलेलं. आमची तालीम चर्चमध्ये कधीच होत नसे. दर गुरुवारी संध्याकाळी कुणातरी आजाऱ्याच्या घरी होई. खांबांवर चढून चढून मास्तरांना गावातलं घर अन् घर माहीत, त्यामुळे कुठे कोण अंथरुणाला खिळलंय ते त्यांना चर्चच्या पाळकांच्या आधी कळायचं. घर ख्रिस्ती असलंच पाहिजे असंही नव्हतं. सायकलच्या कॅरियरला जुन्या लुंगीनं पेटी बांधून ते यायचे, आल्यावर आधी रांजण बघायचे. रिकामा असला तर पाणी भरायचे, मग गाणं. आजाऱ्याला नांदेडला दाखवायचं असेल तर रजा टाकून दवाखान्याच्या रांगेत हेच उभे. तेलुगू बोलणाऱ्या एका आजीसाठी त्यांनी तेलुगू गीत पाठ केलं होतं. उच्चार ऐकून आजी दुखणं विसरून हसली.

पण सूर! सूर मास्तर आमचा कधीच धरायचे नाहीत. उशाशी बसून आजाऱ्याला म्हणायचे, "जरा आ करा." आ करण्याचं बळ नसेल तर त्याच्या कण्हण्याला कान लावायचे आणि तो सूर पेटीवर शोधायचे. मग तिथूनच गीत सुरू. आजाऱ्याला आमच्याबरोबर गाता आलं पाहिजे, एवढं एकच शास्त्र. आजाऱ्यांचा सूर कसला, जमिनीला टेकलेला. माझा गळा तिथे नुसता घरघरायचा. मी तक्रार केली की ऐकवायचे, "लई वर जाऊ नका बाई. पेशंट हाय समोर."

मंडळात काकूही गायच्या. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्यांना एक खोड होती. पहिलं कडवं संपलं की पेटीवर दोन ओळींचं वाजवणं असे, ते संपायच्या आतच काकू दुसरं कडवं सुरू करायच्या. लग्न झाल्यापासून, दर गीताला. आणि दर गीताला मास्तर पेटीवरून मान वळवून त्यांच्याकडे डोळे वटारायचे. ढोलक वाजवणारे आमचे मेडिकलवाले म्हणायचे, ह्यांच्या संसाराचा ठेका हाच आहे.

तर ती स्पर्धा. आम्ही महिनाभर माझ्या सुरात तयारी केली होती. मास्तरांनी एकदाचं ऐकलं होतं माझं. स्टेजवर गेलो, आणि पहिल्या रांगेत नेमके एक बाबा मफलर गुंडाळून खोकत बसलेले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, कान दिला, आणि पेटीवरची बोटं सरळ खाली सरकली. सवयीनं! आम्ही सगळे विहिरीतून गायल्यासारखे गायलो. परतताना एसटीत मी त्यांना फाडून खाल्लं. "ती स्पर्धा होती मास्तर, दवाखाना नव्हता!" ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पण ते बाबा गायले ना?" गायले होते. सगळं गीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तरी माझं म्हणणं तेच आहे.

मास्तर रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नांदेडहून घरी आणलं तेव्हा ते नुसते आढ्याकडे बघत पडून होते. काकू भरवायच्या, पुसायच्या, आणि पुन्हा पुन्हा विचारायच्या, "अहो, मी कोण हाय?" काही नाही. मी भेटायला गेले तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "चालू नका म्हणावं, बोलू नका म्हणावं. करते की मी सगळं. पण ह्यांला मी वळखू येते का न्हाई, तेवढं कळू दे."

गुरुवार आला. कुणी कुणाला सांगितलं नाही, सगळे त्यांच्याच घरी जमलो. पेटी मला थोडीफार येत होती, म्हणून माझ्यासमोर ठेवली. मास्तरांचं आवडतं गीत मी काळी चारमध्ये धरलं. एवढी वर्षं आजाऱ्यासमोर त्यांनी मला त्या सुरात गाऊ दिलं नव्हतं, आज तरी सुंदर ऐकू दे त्यांना, असं वाटलं. छान गायलो आम्ही. मास्तर आढ्याकडेच बघत होते. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मेडिकलवाल्यांनी ढोलक थांबवलं. हळूच म्हणाले, "बाई, पेशंट कोण हाय?"

माझे कान गरम झाले. मी पेटी ओढत उशाशी नेली आणि मास्तरांच्या तोंडाशी वाकले. श्वासाबरोबर घशातून बारीक कण्हणं येत होतं. ते पेटीवर शोधलं. इतकं खाली आम्ही कधीच गायलो नव्हतो. तिथून धरलं. पहिल्या ओळीला काही नाही. दुसऱ्या ओळीला कण्हणं जरा लांबलं, आमच्याबरोबर वर गेलं, आमच्याबरोबर खाली आलं. आणि ध्रुवपदाला त्या वाकड्या तोंडातून शब्द आले. अडखळत, बोबडे, पण गीताचेच. बोलता न येणारा माणूस गात होता. मला पेटीच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या, तरी मी भाता सोडला नाही.

कडवं संपलं. मी दोन ओळी वाजवायला घेतल्या, आणि त्या संपायच्या आतच पायथ्याशी उभ्या काकूंनी रडत रडत दुसरं कडवं सुरू केलं.

मास्तरांची मान हलली. नजर आढ्यावरून खाली आली, खोलीभर फिरली, काकूंवर थांबली. आणि त्यांनी डोळे वटारले.

"वळखलं!" काकू ओरडल्या. "बघा, बघा, रागावले माझ्यावर!"

आम्ही हसत होतो, रडत होतो, ढोलक भलतंच वाजत होतं. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. वर्षभर मास्तर तसेच होते. बोलणं आलं नाही, गाणं राहिलं. पण काकूंनी पुन्हा कधी विचारलं नाही, मी कोण म्हणून.

त्या दिवशी तिसऱ्या कडव्यालाही त्या आधीच सुरू झाल्या. या वेळी मुद्दाम.