गिअरबॉक्स गाडीतच राहू दे

माझं डोकं लवकर फिरतं. लालबागला आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, माझ्याबद्दल पहिलं हेच सांगतील. गॅरेज दोघांचं होतं, माझं आणि माझ्या पार्टनरचं. मी परळचा, तो मालवणी, लालबागच्याच चाळीत वाढलेला. तो मला मिस्त्री म्हणायचा, मी त्याला पार्टनर. चौदा एप्रिलला आमचं शटर बंद असायचं. गणपतीत तो गावाला जायचा, तेव्हा मी एकटा ब्रेक, तेलपाणी असली कामं करायचो. इंजिनाला मात्र हात लावायचो नाही. इंजिन उतरवणं हे दोघांचं काम.

जुन्या गाड्यांत इंजिन पुढं आणि गिअरबॉक्स त्याला मागून जोडलेला. उतरवायच्या दोन तऱ्हा. एक तर दोन्ही अखंड बाहेर काढायचं. ते लांबलचक धूड तिरकं करून वर घ्यावं लागतं, आणि आमच्या गाळ्याचं छप्पर इतकं खाली, की त्यासाठी गाडी ढकलत रस्त्यावर न्यायला लागायची. मग टेम्पोवाल्यांशी शिव्यागाळी आलीच. दुसरी तऱ्हा म्हणजे गिअरबॉक्स खालून जॅकवर टेकवून गाडीतच ठेवायचा आणि नुसतं इंजिन चेनपुलीनं उचलायचं. काढायला हे सोपं, बसवताना घाम फोडतं. गिअरबॉक्समधून एक दातेरी शाफ्ट पुढं आलेला असतो, तो इंजिनावरच्या क्लच प्लेटच्या भोकात नेमका शिरला पाहिजे. वर चेन धरून मी, आणि गाडीखाली पाठीवर पडून तो. त्याला दिसायचं काही नाही, सगळं बोटांवर. "जरा वर. थांब. एक कडी खाली." असं चालायचं, आणि मग खालून ओरडायचा, "घेतल्यान रे!" म्हणजे शिरला एकदाचा. तीस-एक वर्षं त्या बोटांवर आमची चूल पेटली.

ही गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीची. दादरचे एक वकील आमचं जुनं गिऱ्हाईक. वडिलांच्या वेळची गाडी त्यांनी जिवापाड सांभाळलेली. रविवारी मुलीचं लग्न, आणि मुलगी आजोबांच्या त्याच गाडीतून सासरी जाणार असं घरात ठरलेलं. इंजिन तेल खायला लागलं होतं. पार्टनर म्हणाला, "आता नुसतं तेल घालून चालवू दे, लग्नानंतर उतरवू." पण मला कुठला दम! मी वकिलांना शब्द देऊन मोकळा झालो, शनिवारी संध्याकाळी गाडी तयार.

गुरुवारी काम सुरू करताना पार्टनर म्हणाला, "मिस्त्री, ह्या वेळी दोन्ही एकदम काढूया."

"का?"

"तसंच. खाली ठेवून डोळ्यांनी बघून जोडू. गाडीखाली पडायला नको."

"म्हातारा झालास काय रे? गाडी रस्त्यावर काढायची, ट्रॅफिकवाल्याच्या पाया पडायचं, अर्धा दिवस घालवायचा? काय नको. गिअरबॉक्स गाडीतच राहू दे."

तो हसला. "बरं बाबा. तुझ्याच मनासारखं." आणि बराच वेळ फडक्याला हात पुशीत उभा राहिला. मला वाटलं, कामचुकारपणा करतोय.

शनिवारी दुपारी इंजिन परत चढवायला घेतलं. क्लच प्लेट आधी इंजिनावर बसवतात, आणि ती बरोबर मधोमध यावी म्हणून आमच्याकडे एका जुन्या शाफ्टचा कापलेला तुकडा होता. तो भोकात घालून प्लेट आवळायची, असा साधा नियम. त्या दिवशी तो तुकडा सापडेना. मी म्हटलं, मरू दे, नजरेनं बसवतो. एवढी वर्षं काय झक मारली? पार्टनर तोवर गाडीखाली गेला होता.

अर्धा तास गेला, तास गेला. शाफ्ट शिरेना. खालून आवाज येत होता, "वर घे. नाय, खाली. परत." पाच वाजता वकील स्वतः आले आणि दारात उभे राहिले. सारखे घड्याळ बघत होते. मी वाकून खाली बघितलं, तर गिअरबॉक्सला धरलेल्या पार्टनरच्या उजव्या हाताची बोटं बारीक, सारखी थरथरत होती. तेव्हा कळलं, गुरुवारी तो तसं का म्हणाला ते. दुसरा कुणी असता तर त्याच्या काळजात चर्र झालं असतं. माझं डोकं फिरलं.

"हात कापतायत तर आधी सांगायचं ना! जमत नव्हतं तर खाली कशाला मरायला गेलास?"

वकिलांसमोर बोललो हे. बाजूच्या दुकानातली माणसंही बाहेर आली होती. तो खालून शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, प्लेट एकदा बघ रे. बोटाला वाकडी लागतेय."

"वा! नाचता येईना अंगण वाकडं!"

आणि मी बोल्ट लावले. शाफ्ट शिरला नसताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घ्यायचा, हे कधीही करू नये. मीच दहा जणांना शिकवलेलं. तो "थांब, थांब" म्हणत होता आणि मी पाना फिरवत होतो. तिसऱ्या बोल्टला कट्ट असा आवाज आला. गिअरबॉक्सचा कान, ज्यातून बोल्ट जातो तो, तुटला. शनिवारी संध्याकाळी तो भाग कुठल्या बाजारात मिळणार?

पार्टनर सरपटत बाहेर आला, बसला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "साहेब, माझा हात हलला. चूक माझी."

पाना माझ्या हातात होता. सगळ्यांना दिसत होता. मी म्हटलं, "आता काय बोलणार ह्याला, सांगा." वकील म्हणाले, "मुलीला सांगतो काय ते," आणि गेले. रविवारी ती पोरगी भाड्याच्या गाडीतून सासरी गेली.

सोमवारी पार्टनर आला नाही. त्याचा फोन आला. "मिस्त्री, आता बस झालं. हात ऐकत नाहीत. उद्या आणखी कुणाचं नुकसान व्हायचं." मी म्हटलं, "बघ बाबा, तुझी मर्जी." तीस वर्षं सोबत राबलेल्या माणसाला मी एवढंच म्हटलं.

मग बाजूच्या गॅरेजवाल्याला मदतीला घेतलं, गाडी रस्त्यावर ढकलली आणि इंजिन गिअरबॉक्ससकट बाहेर काढलं. एकही ट्रॅफिकवाला आला नाही. जमिनीवर दोन्ही वेगळं केलं आणि मी उकिडवा बसलो तो बसलोच. क्लच प्लेट एका अंगाला सरकलेली होती. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढी. शाफ्टनं तिची एकच कड खरवडून काढली होती. त्या प्लेटमध्ये तो शाफ्ट कुणाच्याच हातानं शिरला नसता. कापत्या बोटांनी त्याला बरोबर सांगितलं होतं, आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं.

बाजूचा गॅरेजवाला वाकून बघत म्हणाला, "च्यायला, ही प्लेट कुणी बसवली?"

"पार्टनरनं," मी म्हटलं.

का म्हटलं? लाज वाटली म्हणून. दुसरं काही कारण नाही. पण गल्लीत ते पसरलं. ज्या माणसाच्या बोटांची लोक शपथ घ्यायचे, तो साधी प्लेटही धड बसवू शकत नाही असं बोलणं सुरू झालं. दोन-तीन गॅरेजवाले त्याला नुसतं बसून पोरांना काम दाखवायला बोलावणार होते, हात चालोत न चालोत. त्यानंतर कुणी बोलावलं नाही. हे मला ठाऊक होतं, आणि मी रोज शटर उघडत होतो.

पुढं त्याला कंपवाताचं निदान झालं. तो आणि वहिनी लालबाग सोडून माझगावला लेकीकडे राहायला गेले. मी फोन करायचो, तब्येत विचारायचो, पावसापाण्याचं बोलायचो. मूळ गोष्ट काही ओठांवर यायची नाही. गेल्या वर्षी मात्र ठरवलं, आज सांगायचंच. बसमध्ये सारखं मनात घोकत होतो: प्लेट मी बसवली होती, पार्टनर, तुझी बोटं बरोबर होती. एवढंच वाक्य.

वहिनींनी चहा आणला. त्याचा कप अर्धाच भरलेला, सांडू नये म्हणून. लेक कामावर गेली होती. मी कप खाली ठेवून सुरुवात करणार, तेवढ्यात तोच बोलला. जीभही आता जड झाली होती त्याची.

"मिस्त्री, वकिलांचं काम माझ्यापायी बिघडलं. त्या पोरीची हौस राहिली. मला सारखं येतं रे मनात. तेव्हा तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं येऊ म्हणून परत आलो नाय. मला माफ केलंस ना?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. वाक्य माझ्या जिभेवर होतं, बसमध्ये घोकलेलं, पाठ.

"अरे, जाऊ दे रे," मी म्हटलं. "कधीच माफ केलं."

त्यानं दोन्ही थरथरत्या हातांत माझा हात धरला आणि रडायला लागला. वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "भावजी," त्या म्हणाल्या, "मन मोठं हो तुमचं."

मी चहा संपवला, येतो म्हटलं आणि खाली उतरलो. लालबागहून माझगावला बसनं फार वेळ लागत नाही. त्यानंतर मी गेलेलो नाही.