सहाला माईक बंद

आमच्या जबलपूरच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांना कार्यक्रम करायचा, तर सभागृहाची व्यवस्था पाहणाऱ्या भैयाजींशी गाठ होती. भिंतीला खिळा नाही, स्टेजवर समई नाही आणि संध्याकाळी सहाला माईक बंद. कुणी गयावया केली की चष्मा पुसत म्हणायचे, "अच्छा, मग नियम काहून केले?"

आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण लांबलं. शेवटी शहरातल्या अधारताल भागातली एक लाजरी मुलगी गायला उभी राहिली आणि पहिल्याच कडव्याला सहा वाजले. भैयाजींनी माईक बंद केला. तिचं गाणं तिथेच थांबलं. मला त्यांचा रागच आला.

मग त्यांनी सभागृहातले खडखडणारे पंखे एकेक करून बंद केले आणि घाम पुसत अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

"चलो, गा बेटा," ते तिथून म्हणाले, "आता इथवर ऐकू येते."