हॉबचा स्वेटर

"आधी त्याचं, मग आपलं," असं म्हणत शेजारच्या बाई बशीत क्रीम ओतायच्या आणि फायरप्लेसपाशी ठेवायच्या. मगच माझ्या चहात दूध पडायचं.

'तो' म्हणजे हॉब. यॉर्कशरच्या जुन्या घरांत राहणारा, हातभर उंचीचा केसाळ बुटका. कुणाच्या नजरेला न पडता घरातली कामं उरकतो, बरकत राखतो. त्याला क्रीम द्यायचं. कपडे मात्र चुकूनही द्यायचे नाहीत. दिले की तो रुसतो, कायमचा निघून जातो आणि बरकतही घेऊन जातो. मी वास्तुपुरुषाला नैवेद्य दाखवणाऱ्या घरातली. हसू यायचं, पण ती बशी ओलांडायची माझी हिंमत नव्हती.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्या माझ्या शेजारीण. ऐंशी उलटलेल्या, जीभ तिखट. डोक्यात गेलेल्या माणसाची किंमत त्या तिकडच्या बोलीतल्या एका शब्दात करायच्या: "नौट." म्हणजे शून्य.

"घर माझ्या नावावर कर, मी सांभाळतो तुला," असं पुतण्या गोड बोलला आणि एवढ्या खमक्या बाई भुलल्या. सही झाली, आणि महिन्याभरात त्यानं त्यांची रवानगी केअर होममध्ये ठरवली.

त्या रडल्या नाहीत. लोकर घेऊन बसल्या. बाहुलीला येईल एवढा स्वेटर. संधिवातानं बोटं अडली तेव्हा तो माझ्यापुढे टाकला. "बाही तेवढी राहिलीय, लव्ह. तू पुरी कर."

"अहो, पण मग हॉब जाईल ना."

"जाऊ दे. पुतण्याला भिंती मिळतील. बाकी नौट."

मी ती बाही एका बैठकीत विणली. इतक्या त्वेषानं सुया कधी चालवल्या नव्हत्या.

निघायच्या दिवशी पुतण्या बाहेर हॉर्न वाजवत होता. बाईंनी स्वेटर फायरप्लेसपाशी ठेवला आणि वाकून म्हणाल्या, "राग धरू नकोस, म्हाताऱ्या. तुझा काही दोष नाही." तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरून आले. घरासाठी नव्हे, त्याच्यासाठी.

हिवाळ्यात पुतण्याचा बॉयलर फुटला, छत गळलं, घर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक फिरलं. कुणाचं वाईट झालेलं ऐकून मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. बाईंना सांगायला मी केअर होमला धावले.

पलंगावर नवी चादर होती. "काल दुपारी गेल्या," नर्स म्हणाली. तिनं खिडकीतल्या बशीकडे बोट दाखवलं. "रोज भरून ठेवायच्या. कुणासाठी, ते कळलं नाही. आम्ही रोज ओतून द्यायचो."

बशी काठोकाठ भरलेली होती. क्रीमला कुणाचंच तोंड लागलेलं नव्हतं.