काच काढल्यावर

बाबांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी नगरपालिकेत रांगेत उभा होतो. पूर्वी तिथल्या काउंटरवर काच होती आणि काचेला खाली, अगदी कमरेच्या उंचीवर, एक अर्धगोल भोक होतं. बोलायचं तर तोंड तिथवर न्यावं लागे. आता काच काढून टाकली आहे. तरी माझ्या पुढचा प्रत्येक जण काउंटरशी पोचला की वाकायचा आणि मान तिरपी करून त्या नसलेल्या भोकातून बोलायचा. काच काउंटरवरून गेली होती, मणक्यातून गेली नव्हती.

एरवी मला हसू आलं असतं. गेल्या बारा दिवसांत कशाचंच काही वाटलेलं नाही.

माझा नंबर आला.

"मयताचं नाव?" कारकून बाईंनी विचारलं. मी सांगितलं. वर न बघताच त्या म्हणाल्या, "अहो, सरळ उभं राहून बोला की. काच कधीच गेली."

"हो, मॅडम," मी म्हणालो आणि आणखी थोडा वाकलो.

बाबाही जन्मभर कुठल्या ना कुठल्या खिडकीशी असेच वाकून बोलत आले. त्यांची पाठ पूर्ण सरळ झालेली मी एकदाच पाहिली, तिरडीवर बांधताना.