जाणाऱ्या बाई

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या मंडळींत त्यांना ‘जाणाऱ्या बाई’ म्हणत. त्यांच्या बहिणीला हे नाव मुळीच पटायचं नाही. “धडधाकट माणसाला असलं अभद्र नाव ठेवतात का?” असं ती दर भेटीत म्हणायची. बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांचं कामच ते होतं, मग नाव दुसरं कुठून येणार?

काम असं. तळ्याच्या काठाला, उंच गवतात, लाकडी फळ्यांचं एक लपण होतं. आत एक माणूस, एक स्टूल आणि कॅमेऱ्याची तिवई कशीबशी मावेल एवढी जागा, आणि पुढच्या बाजूला एक आडवी फट. हिवाळ्यात दूरदेशाहून क्रौंच यायचे, ते या फटीतून टिपायचे. पण क्रौंच हा भलताच संशयी पक्षी. लपणात शिरताना माणूस दिसला, की तो माणूस बाहेर पडेपर्यंत पक्षी तिकडे फिरकत नाही. यावर जुन्या लोकांनी काढलेली तोड म्हणजे लपणात दोघांनी शिरायचं आणि एकानं बाहेर पडून सरळ चालू लागायचं. पक्ष्यांना एवढा हिशेब जमत नाही. माणूस आला, माणूस गेला, एवढंच त्यांना कळतं आणि ते निर्धास्त खाली उतरतात.

तर बाई चालू लागायच्या आणि त्यांचे यजमान आत बसायचे. वीसेक हिवाळे हे असंच चाललं होतं.

यजमान लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते. सबंध आठवडा लोकांना वर-खाली करायची सोय बघायची आणि रविवारी स्वतः वर बघत बसायचं, असा त्यांचा शिरस्ता. बाई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असत. आलेल्या कपड्याचे खिसे तपासायचे, कॉलरच्या आत नंबराची पट्टी टाचायची आणि डाग कशाचा आहे ते गिऱ्हाइकाकडून गोडीगुलाबीनं काढून घ्यायचं. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय भरून येत, आणि तेच पाय रविवारी तळ्याच्या बांधावरून चालायला तयार लागत.

चालताना मागे वळून बघायचं नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. माणूस मध्येच थांबला की पक्षी बिचकतात. त्या पंपघरापर्यंत पोचल्या की मागून कर्ण्यासारखा आवाज यायचा, म्हणजे क्रौंच उतरले. मग त्या गाडीत बसून विणकाम करायच्या आणि दुपारी यजमानांना सोडवायला परत जायच्या. त्यांना येताना बघून सगळा थवा उडायचा. म्हणजे क्रौंचांशी त्यांची ओळख होती ती पोटाच्या बाजूनं, आणि तीही पक्षी पळ काढत असताना. घरात मात्र बैठकीपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत भिंतभर क्रौंच होते. प्रदर्शनात कुणी विचारायचं, “तुम्हीही तिथेच असता ना?” बाई म्हणायच्या, “असते, म्हणून तर निघून जाते.” लोक हसायचे. बाईंना हसू यायचं नाही.

यजमान तसे सरळ माणूस, पण एका बाबतीत फार कडक. फोटो नाही तर पक्षी नाही, असा त्यांचा खाक्या. कुणी म्हणालं, परवा अमुक पाहिला, की हे लगेच हात पुढे करायचे, “दाखवा.” मंडळींतल्या एका निवृत्त मास्तरांनी एकदा पांढराशुभ्र क्रौंच पाहिल्याचं शपथेवर सांगितलं. फोटो नव्हता. यजमानांनी चारचौघांत त्यांची अशी फिरकी घेतली, की मास्तर पुन्हा तळ्यावर दिसलेच नाहीत. त्या दिवशी गाडीत बाई म्हणाल्या होत्या, “म्हातारा माणूस खोटं कशाला बोलेल?” यजमान म्हणाले, “खोटं कोण म्हणतंय? पुरावा नाही एवढंच.”

यंदा बाईंच्या गुडघ्यानं दगा दिला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि सांगितलं, ऑपरेशन आता टाळता येणार नाही, आणि त्यानंतर खाचखळग्यांतून चालणं कायमचं बंद. परतीच्या वाटेवर यजमानांनी गाडी बाजारावरून घेतली, भाजी घेतली. मग म्हणाले, “मग आता जायला कोण मिळणार?”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बाईंना तरीही ते लागलं, चांगलंच लागलं. घरी आल्यावर भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, “या रविवारी तुम्ही जा. मी बसते.”

“बस की. गुडघा एवढा दुखतोय, तर घरीच थांब.”

“घरी नाही. लपणात.”

यजमानांनी पेपर खाली ठेवला. “आणि फोटो?”

“वीस वर्षं काढलेत ना? एक रविवार राहू दे. मला एकदा ते जवळून बघायचेत, मग काय कापायचं ते कापू दे डॉक्टरांना.”

यजमान तयार झाले. फक्त कॅमेरा आत ठेवायचाच, एवढं त्यांनी कबूल करून घेतलं.

रविवारी धुकं होतं. गवत दंवानं पांढरं पडलं होतं आणि काठच्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती. यजमानांनी बाईंना हात धरून लपणापर्यंत आणलं, तिवई लावली आणि बजावलं, “पक्षी पुढे आला की हे बटण दाब. बाकी कशाला हात लावू नकोस.” मग ते निघाले.

निघाले खरे, पण त्यांना जाताच येईना. थोडं चालून थांबायचे, वळून बघायचे, पुन्हा दोन पावलं टाकायचे. वर क्रौंच घिरट्या घालत होते आणि खाली यायचं नाव घेत नव्हते. बाजूच्या फळीतल्या भेगेतून बाईंना सगळं दिसत होतं. शेवटी त्यांनी फोन लावला.

“अहो, मागे काय बघताय सारखं?”

“तुला काही लागलं तर?”

“मला काही लागत नाही. तुम्ही चालत राहा.”

“तू कधीच मागे बघितलं नाहीस?”

“बघितलं असतं तर तुमचे पक्षी आले असते का?”

मग यजमान म्हणाले, “बरं. जातो.” आणि या वेळी ते खरोखरच गेले.

क्रौंच उतरले ते लांब, पाण्यापलीकडे. त्यातलं एक कुटुंब, नर-मादी आणि तांबूस डोक्याचं पिल्लू, काठाकाठानं दाणे टिपत लपणाकडे सरकू लागलं. बाईंनी श्वास रोखला. तिघं आणखी जवळ आली. माथ्यावरचा लाल ठिपका दिसला, चोचीतून निघणारी वाफ दिसली. बाईंनी बटण दाबलं. कॅमेरा आतल्या आत नुसताच घुरघुरला. एवढ्या जवळचं त्या थोराड लेन्सला दिसतच नाही, चष्मा घरी विसरलेल्या माणसागत ती पुढे-मागे करत राहिली. आवाजानं नरानं मान वर केली. बाईंनी बटणावरचा हात काढला. मग पिल्लू थेट फळीपाशी आलं आणि त्यानं फळीवर चोच मारून पाहिली. ठक. बाईंना रडू फुटलं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं, पण इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दुपारी यजमान ठरल्याप्रमाणे परत आले. त्यांना बघताच थवा उडाला. लपणात डोकावल्याबरोबर त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा तपासला.

“एकही नाही?”

“फार जवळ आले होते. दाबलं बटण, पण त्याला घेताच येईना.”

“किती जवळ?”

“त्या पिल्लानं फळीवर चोच मारली. इथे, माझ्या हाताशी.”

यजमानांच्या वीस हिवाळ्यांत एकही क्रौंच एवढा जवळ आला नव्हता. त्यांचा चेहरा बाई ओळखून होत्या. मास्तर बोलत होते तेव्हा तो असाच झाला होता. ते उठले आणि बाहेर पडून लपणाच्या पुढच्या बाजूला वळले. तिथं लपणाच्या सावलीतलं दंव अजून विरघळलं नव्हतं. पावलं उमटलेली असणारच होती.

खोटं ठरायची भीती बाईंना नव्हती. पावलं होतीच. पण ती बघायला या माणसानं जावं, हेच त्यांना नको होतं. फळीखालच्या फटीतून त्यांना यजमानांचे बूट दिसले. ते कोपऱ्यापर्यंत आले आणि थांबले. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर सगळं समोर दिसलं असतं. बूट बराच वेळ तिथेच उभे होते. मग ते वळले.

यजमान परत येऊन दाराशी उकिडवे बसले. कॅमेरा बंद करून त्यांनी पिशवीत ठेवला.

“पिल्लाचं डोकं कसं होतं?” त्यांनी विचारलं.

“तांबूस. चोचीला चिखल लागला होता.”

“आणि मग?”

बाईंनी डोळे पुसले आणि त्या पहिल्यापासून सांगू लागल्या.